केस-बेस्ड रीझनिंग: जुन्या अनुभवावरून नवी अडचण सोडवणाऱ्या प्रणालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं अशी प्रणाली प्रत्यक्ष बांधू पाहणाऱ्यांसाठी आहेत. समजावण्यासाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: विहिरी-बोअरवरच्या सबमर्सिबल पंपांच्या तक्रारी सोडवणारं सेवा केंद्र. त्यातले मोजमापाचे आकडे नमुन्याचे आहेत.

केस-बेस्ड रीझनिंग म्हणजे नेमकं काय?

नवी अडचण आली की तिच्यासारखी आधी कोणती आली होती ते शोधायचं. तेव्हा लागू पडलेला उपाय आजच्या परिस्थितीला जुळवून घ्यायचा, करून पाहायचा आणि जे घडलं ते पुढच्या वेळेसाठी नोंदवायचं. कृत्रिम बुद्धिमत्तेतली ही जुनी आणि आजही कामाची शाखा आहे. थोडक्यात तिला सीबीआर म्हणतात. आग्नार आमोट आणि एन्रिक प्लाझा यांनी १९९४ मध्ये हे चक्र चार पायऱ्यांत मांडलं: शोध, वापर, सुधारणा, साठवण. आजही बहुतेक प्रणाली याच आराखड्यावर उभ्या असतात.

नियमांवर चालणाऱ्या तज्ज्ञ-प्रणालीत 'अमुक असेल तर तमुक कर' असे शेकडो नियम आधी लिहून घ्यावे लागतात. अनुभवी मेकॅनिकला नियम विचारले तर तो अडखळतो. 'मागच्या वेळी असं झालं तेव्हा काय निघालं?' असं विचारलं की मात्र तो बारकाव्यांसकट सांगतो. सीबीआर हेच सांगणं कच्चा माल म्हणून वापरतं.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रॉजर शँक आणि त्यांचे सहकारी माणसाची आठवण कशी चालते यावर काम करत होते. नवा प्रसंग समजून घेताना माणसाला जुना प्रसंग आठवतो आणि अपेक्षा चुकली की आठवणीची मांडणी बदलते, हा विचार शँक यांनी १९८२ मध्ये सविस्तर मांडला. त्यांच्या विद्यार्थिनी जॅनेट कोलोडनर यांनी 'सायरस' ही प्रणाली बांधली. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचे दौरे आणि भेटीगाठी हा तिचा साठा होता. क्रिस्टियन हॅमंड यांची 'शेफ' ही प्रणाली १९८६ सालची. ती जुन्या चिनी पाककृतींवरून नव्या पाककृती रचायची.

प्रयोगशाळेबाहेर नाव झालं ते 'क्लॅव्हिअर'चं. लॉकहीड कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात विमानांचे कॉम्पोझिट भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या दाबभट्टीत पक्के केले जात. कोणता भाग भट्टीत कुठे ठेवायचा हे चुकलं की तो भाग वाया. उष्णता आतमध्ये कशी पसरेल याचं भरवशाचं गणित हाती नव्हतं. कामगार जुन्या यशस्वी मांडण्यांच्या रेखाटनांवर चालत. प्रणालीने तेच केलं. सुरुवात २० मांडण्यांपासून झाली आणि साठा पुढे दीडशेच्या वर गेला. सिद्धांत अपुरा आहे पण अनुभव भरपूर आहे, अशा जागी सीबीआर शोभतं ते यामुळेच.

एका केसमध्ये काय काय नोंदवायचं?

किमान पाच गोष्टी: लक्षणं, परिस्थिती, निदान, केलेला उपाय, आणि उपायाचा निकाल. पहिल्या चार सगळे लिहितात. पाचवी सुटते आणि तिथेच प्रणाली मरते. 'कपॅसिटर बदलला' ही झाली कामाची नोंद. 'कपॅसिटर बदलला, पंधरा दिवसांनी फोन करून विचारलं, मोटार व्यवस्थित चालू आहे' हा झाला अनुभव. निकाल माहीत नसलेली केस साठ्यात घ्यायचीच असेल तर तिच्यावर 'अपुष्ट' अशी खूण हवी आणि शोधात ती पुष्ट केसेसच्या मागे राहायला हवी.

आपल्या पंपासाठी नोंद साधारण अशी दिसेल:

लक्षणं: पाण्याची धार कमी; मोटार दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप होते.
मोजमाप: स्टार्टरवर व्होल्टेज ३५०, चालू करंट पाटीवरच्या करंटच्या १२० टक्के, इन्सुलेशन ४० मेगओहम.
परिस्थिती: ५ एचपी, तीन फेज, केबल १०० मीटर, नव्याने बसवून ३ वर्षं.
निदान: पुरवठ्याचं व्होल्टेज कमी.
उपाय: काय केलं, कोणत्या क्रमाने.
निकाल: सुटलं, अर्धवट सुटलं, की नाही सुटलं, आणि तपासल्याची तारीख.

करंट अँपिअरमध्ये न ठेवता मोटारच्या पाटीवरच्या आकड्याच्या टक्क्यांत ठेवला आहे. यामुळे ३ एचपीचा अनुभव ७.५ एचपीलाही उपयोगी पडतो. मूळ अँपिअरही नोंदवा, पण तुलना टक्क्यांवर करा.

साम्य मोजतात कसं?

दोन टप्प्यांत. आधी प्रत्येक गुणधर्माचं वेगळं साम्य ० ते १ मध्ये काढायचं, मग प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे वजन देऊन त्यांची सरासरी घ्यायची.

नवी तक्रार: व्होल्टेज ३४०, करंट १२५ टक्के, धार कमी. साठ्यातल्या दोन केसेस समोर आहेत. 'अ' मध्ये व्होल्टेज ३५०, करंट १२०, धार कमी. निदान कमी व्होल्टेज. 'ब' मध्ये व्होल्टेज ४१०, करंट १३०, धार कमी. निदान पंपात वाळू अडकून फिरणं जड झालेलं. आकड्यांचं साम्य म्हणजे १ वजा (फरक ÷ पल्ला). व्होल्टेजचा पल्ला १५० धरू (३०० ते ४५०) आणि करंटचा २०० (० ते २००). वजनं अनुक्रमे ३, ४ आणि ३.

अ: व्होल्टेजचं साम्य १ − १०/१५० = ०.९३; करंटचं १ − ५/२०० = ०.९७५, धारेचं १. एकूण (२.८ + ३.९ + ३) ÷ १० = ०.९७.
ब: व्होल्टेजचं १ − ७०/१५० = ०.५३; करंट ०.९७५, धार १. एकूण (१.६ + ३.९ + ३) ÷ १० = ०.८५.

'अ' पुढे आली, बरोबरच आहे. आता व्होल्टेजचं वजन ३ वरून १ करा: ०.९८ आणि ०.९३. क्रम तोच राहिला, पण फरक निम्म्याहून कमी झाला. आणखी दोन बिनमहत्त्वाचे गुणधर्म घातले की क्रम उलटूही शकतो.

हे ०.९७ म्हणजे 'उत्तर बरोबर असण्याची शक्यता ९७ टक्के' असं मुळीच नाही. पडद्यावर ते टक्क्यांत दाखवू नका. वापरणारा त्याचा तोच अर्थ घेतो.

सगळ्याच गुणधर्मांना सरळ वजाबाकी चालते का?

नाही. इथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडं विस्ताराने.

मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) मोजलेलं इन्सुलेशन घ्या. १ आणि ३ मेगओहममधला फरक मोलाचा आहे. २०० आणि २०२ मधला काहीच नाही. सरळ वजाबाकीत दोन्ही फरक सारखेच दिसतात. अशा ठिकाणी आधी लॉगरिदम घ्या, म्हणजे १ ते १० हे अंतर १० ते १०० एवढंच भरतं.

क्रम असलेल्या शब्दांना (धार: नाही, कमी, पूर्ण) आकडे देऊन चालतं. क्रम नसलेल्यांना ते चालत नाही. मोटारच्या मेकला १, २, ३ असे आकडे देऊन वजाबाकी केली तर पहिली कंपनी तिसरीपेक्षा दुसरीच्या जवळची ठरते, ज्याला काही अर्थ नाही. तिथे सारखं असेल तर १, नसेल तर ०. किंवा जाणकारांकडून छोटा तक्ता भरून घ्या.

काही फरक एका बाजूनेच महत्त्वाचे असतात. मागितलेल्यापेक्षा जाड केबल चालते, बारीक चालत नाही. अशा गुणधर्मांना दोन्ही दिशांना वेगळं साम्य द्या.

आणि पल्ला. कुणीतरी चालू करंटच्या रकान्यात स्टार्टिंग करंट लिहिला, जो थेट स्टार्टरवर पाटीच्या पाच-सहापट असू शकतो. मग प्रणालीने साठ्यातून आपोआप काढलेला पल्ला २०० वरून ६०० झाला. आता १०० आणि १४० टक्क्यांतला फरक, जो निदानाचा कणा आहे, ०.०७ वर येऊन पडला. प्रणाली चालू राहते, उत्तरंही देते, फक्त ती हळूहळू निकृष्ट होत जातात. म्हणून पल्ले जाणकाराने ठरवलेले आणि हाताने लिहिलेले असावेत. पल्ल्याबाहेरची नोंद घेतानाच अडवा.

वजनं कुणी ठरवायची?

आधी जाणकारांनी, मग चाचणीने. दोन-तीन अनुभवी मेकॅनिकना स्वतंत्रपणे १ ते ५ मध्ये वजनं विचारा. जिथे त्यांचं जमत नाही तिथे साठ्यातल्या प्रत्यक्ष केसेस समोर ठेवून चर्चा करा. यंत्राकडून वजनं शिकवून घेता येतात, पण साठा शंभर-दोनशे केसेसचा असताना ती त्या केसेसपुरतीच घट्ट बसतात.

ग्राहकाला निम्मी माहितीच देता येत नाही. मग?

न मिळालेल्या गुणधर्माला ० साम्य देऊ नका आणि सरासरी आकडाही भरू नका. त्याचं वजन बेरजेतून आणि भागाकारातून दोन्हीकडून वगळा. त्याचबरोबर एकूण वजनाच्या किती भागावर तुलना झाली हे वेगळं दाखवा. फक्त 'धार कमी' एवढ्यावर मिळालेलं पूर्ण १ साम्य फसवं असतं.

याहून चांगला मार्ग विचारण्याचा. पहिल्या पाच केसेस काढा. त्यांची निदानं वेगळी असतील तर त्यांना सर्वांत स्वच्छ वेगळं करणारा गुणधर्म कोणता ते बघा आणि तेवढाच प्रश्न विचारा. प्रश्न निवडताना उत्तर मिळवायला लागणारे कष्टही धरा: धार कशी आहे हे फोनवर कळतं, मेगर लावायला माणूस पाठवावा लागतो आणि पंप वर काढायचा म्हणजे दिवस जातो.

तक्रार मराठीत, बोलीत लिहून येते. तिचं काय?

'पाणी मारत नाही', 'मोटार उचलत नाही', 'नुसती गुरगुरते' हे वाक्प्रकार सेवा केंद्राला पाठ असतात. प्रणालीला ते तक्त्याने शिकवा. नुसतं शब्द जुळवणं मराठीत लवकर तोकडं पडतं: पंप, पंपाला, पंपाचा, मोटर, मोटार, मोटारीचा. मूळ रूपावर आणणं किंवा अक्षरांच्या तीन-चारच्या तुकड्यांवर जुळवणं याने बराच फरक पडतो. बहुभाषिक एम्बेडिंग (वाक्याचा अर्थ आकड्यांच्या यादीत मांडण्याची पद्धत) अर्थाच्या जवळिकीला मदत करतं, पण 'चालू होते' आणि 'चालू होत नाही' यांनाही ते बरंच जवळ मानू शकतं. नकार वेगळा ओळखा.

एक बारीक पण खरी अडचण युनिकोडची. 'दुसऱ्यांदा' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ या स्वतंत्र अक्षरापासून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण हा भेद मिटवत नाही. त्यासाठी आपला नियम लिहावा लागतो. देवनागरी आणि रोमन अंकही आधी एकसारखे करून घ्या.

जुना उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही तेव्हा काय करायचं?

जुळवून घेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला: एक घटक काढून दुसरा घालणं. दुसरा: नियमाने उपाय बदलणं. तिसरा: उपाय न घेता तो ज्या रीतीने काढला ती रीत नव्या आकड्यांवर पुन्हा चालवणं. हा तिसरा विचार जेम कार्बोनेल यांनी १९८०च्या दशकात पुढे आणला.

केबलचं उदाहरण तिसऱ्याचं आहे. जुन्या केसमध्ये १०० मीटर लांबीला ४ चौरस मिलिमीटरची केबल पुरली. नवी बोअर १८० मीटर, करंट तेवढाच. '४ ची घाला' हा उपाय उचलला तर केबलमधली व्होल्टेजची घट १.८ पट होईल. घट लांबीच्या आणि करंटच्या सम प्रमाणात, जाडीच्या (छेदाच्या क्षेत्रफळाच्या) व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ४ × १.८ = ७.२, आणि बाजारात मिळणारं त्यापुढचं माप १०. हे शक्य झालं कारण जुन्या केसमध्ये केबलची लांबी आणि 'का' दोन्ही लिहिलेलं होतं.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या आवृत्तीत जुळवणी माणसावर सोडा. प्रणालीने तीन जवळच्या केसेस आणि नव्या तक्रारीशी असलेले त्यांचे फरक ठळक दाखवावेत. माणसं कोणते बदल पुन्हा पुन्हा करतात हे नोंदींतून कळेल. तेवढ्यांचेच नियम बनवा.

सुचवलेला उपाय फसला तर ती केस टाकून द्यायची का?

कधीच नाही. फसलेली केस बहुधा यशस्वीपेक्षा जास्त शिकवते, फक्त का फसली ते लिहिलेलं हवं. हॅमंड यांच्या 'शेफ'मध्ये याचं सुरेख उदाहरण आहे. बीफ आणि ब्रोकोली एकत्र परतल्यावर मांसाला सुटलेल्या पाण्याने ब्रोकोली मऊ पडली. प्रणालीने कारण शोधलं, दोन्ही वेगवेगळं परतायचं ठरवलं आणि 'पाणी सोडणारा घटक व कुरकुरीत राहायला हवी अशी भाजी एकत्र' ही धोक्याची खूण साठवली. पुढे तशी जोडी आली की ती आधीच सावध व्हायची.

पंपाच्या बाबतीत: ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) ट्रिप होतो म्हणून त्याची सेटिंग वाढवली आणि आठवड्याने वाइंडिंग जळलं. ही केस साठ्यात हवी आणि तोच उपाय कुणी निवडू लागलं की ती समोर यायला हवी.

सुरुवातीला किती केसेस लागतात?

ठरीव आकडा नाही. प्रत्येक नेहमीच्या निदानाच्या तीन-चार पुष्ट, एकमेकींपासून वेगळ्या केसेस असल्या की सुरुवात होते. एकाच निदानाच्या शंभर आणि बाकीच्यांची एकेक, असा साठा मोठा दिसतो पण पोकळ असतो.

साठा वाढत गेला की प्रणाली आपोआप सुधारत जाते ना?

एका मर्यादेपर्यंत. नंतर तीन दुखणी सुरू होतात.

पहिलं, पुनरावृत्ती. सोप्या तक्रारी रोज येतात, त्यांच्याच केसेस साचतात आणि पहिल्या पाचांत तेच ते दिसतं. बॅरी स्मिथ आणि मार्क कीन यांनी १९९५ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: केस किती जुनी किंवा किती वेळा वापरली यापेक्षा ती काढल्यावर कोणत्या अडचणी सुटायच्या राहतील ते बघा. जिच्याशिवाय एखादी अडचण सुटतच नाही ती केस वर्षभर वापरली गेली नसली तरी ठेवायची.

दुसरं, परस्परविरोध. लक्षणं तीच, निदानं दोन. लगेच कुणाचीतरी चूक धरू नका. बहुधा एक रकाना कमी पडतोय. 'व्होल्टेज ठीक, धार कमी' याची दोन निदानं निघाली: कॉलम पाइपला गळती, आणि फेज उलटे लागल्याने पंप उलटा फिरतोय. 'अलीकडे लाइनचं किंवा स्टार्टरचं काम झालं का?' हा रकाना वाढवला की दोन्ही वेगळ्या होतात. उलट्या फिरण्याला तीनपैकी कुठल्याही दोन फेजची अदलाबदल पुरते. विरोध सुटला नसता तर विनाकारण पंप वर काढला गेला असता.

तिसरं, काळ. मॉडेल बदलतात, सुटे भाग मिळेनासे होतात. लागू असण्याची शेवटची तारीख हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

चाचणी कशी घ्यायची?

एकेक केस बाहेर काढा, ती नवी तक्रार आहे असं धरून उरलेल्या साठ्याला विचारा आणि मिळालेलं निदान खऱ्याशी ताडून बघा. एक सापळा मात्र टाळा: एकाच बोअरच्या दोन तक्रारी साठ्यात असतील तर एक काढली तरी तिची जुळी बहीण आत उरते आणि निकाल खोटा चांगला येतो. त्या बोअरच्या सगळ्या केसेस एकदम काढा. शिवाय जुन्या केसेसवर प्रणाली उभी करून नंतरच्या महिन्यांवर तपासा. प्रत्यक्षात तिला तेच करायचं आहे.

तुलनेला आधाररेषाही ठेवा. शंभरातल्या चाळीस तक्रारी कमी व्होल्टेजच्या असतील तर डोळे झाकून तेच सांगणारा चाळीस वेळा बरोबर येतो.

न्यायालयीन कामात, वैद्यकात हे वापरलं गेलं आहे का?

हो. केविन अ‍ॅशली आणि एड्विना रिस्लँड यांची 'हायपो' प्रणाली व्यापारी गुपितांच्या दाव्यांवर काम करायची. तिथे एकच 'सर्वांत जवळचा' निवाडा देऊन भागत नाही. दोन्ही पक्षांना उपयोगी पडणारे निवाडे आणि विरुद्ध पक्ष त्यांतला फरक कसा दाखवेल हे मांडावं लागतं; 'हायपो'ने तेच केलं. वैद्यकात फिलिस कोटन यांची 'केसी' हृदयविकाराच्या निदानासाठी, तर टेक्सास विद्यापीठातली 'प्रोटोस' श्रवणदोषांसाठी होती.

भाषेची मोठी मॉडेलं आल्यावर याची गरज उरली का?

उरली. बाहेरच्या साठ्यातून मजकूर शोधून तो मॉडेलला देण्याची पद्धत, जिला २०२० पासून आरएजी म्हणतात, ती सीबीआरच्या पहिल्या पायरीची जवळची नातेवाईक आहे. पण आरएजीत सहसा मजकुराचे तुकडे असतात, निकाल तपासलेल्या केसेस नसतात. आणि सुधारणा व साठवण या पायऱ्या वेगळ्या बांधाव्या लागतात. चांगली जोडी अशी जमते: बोलीतली तक्रार वाचून रकाने भरणं मॉडेलकडे, आकड्यांचं साम्य साध्या सूत्राकडे, आणि निवडलेल्या केसेसवरून समजेल असं उत्तर लिहिणं पुन्हा मॉडेलकडे. उत्तरात केसचा क्रमांक यायलाच हवा, म्हणजे मेकॅनिकला मूळ नोंद उघडता येते. मॉडेलने स्वतः रचलेला उपाय निकाल कळण्याआधी पुष्ट केस म्हणून साठ्यात जाऊ देऊ नका. नाहीतर पुढच्या वेळी तोच पुरावा म्हणून परत येतो.

कुठे वापरू नये?

जिथे अडचणी पुन्हा येत नाहीत. जिथे स्थितीत थोडा फरक पडला की उत्तर पूर्ण बदलतं. आणि जिथे भरवशाचं सूत्र आधीच आहे: केबलची जाडी गणिताने निघते, तिच्यासाठी शंभर केसेस जमवायचं कारण नाही.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

शिकण्यासाठी जर्मनीतल्या डीएफकेआय संशोधन केंद्रातून आलेलं 'मायसीबीआर' किंवा माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाचं 'जेकोलिब्री' बघा. प्रत्यक्ष कामाला साधा डेटाबेस आणि पायथनमधल्या शे-दोनशे ओळी पुरतात. दहा हजार केसेस आणि पंधरा गुणधर्म म्हणजे दीड लाख छोट्या तुलना. साध्या लॅपटॉपलाही त्या जड नाहीत. शोधाचा वेग वाढवणारी खास साधनं तोपर्यंत बाजूला ठेवा आणि तो वेळ पंधरा दिवसांनी निकाल विचारणारा फोन कोण करणार हे ठरवण्यात घाला.